दहावा बोल्ट

बोल्ट फिरला आणि फिरतच राहिला. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती मोटरसायकलशेजारी उकिडवी बसली होती, उजव्या हातात आठ नंबरचा पाना, डाव्या हातात मोबाईलचा उजेड. इंजिनाच्या उजव्या अंगाला क्लच झाकणारं ॲल्युमिनियमचं कव्हर असतं, त्याला कडेनं दहा बोल्ट. त्यांतला सगळ्यात खालचा, सायलेन्सरच्या नळीआड लपलेला बोल्ट ती गेले पाच आठवडे दर दोन-तीन दिवसांनी जरासा आवळत होती. जरासा म्हणजे घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटं, जास्त नाही. दर वेळी बोल्ट आधी अडून बसायचा, मग कुरकुरत सरकायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात तिला दिवसभर पुरेल एवढा धीर मिळायचा. आज तो अडलाच नाही. ओल्या मातीत काडी फिरावी तसा फिरला. एक फेरा, दुसरा, तिसरा. जिना संपला हे लक्षात न येऊन पाय जसा नसलेल्या पायरीवर पडतो तसं तिला मनगटात झालं. बोल्टाचे आटे शाबूत असणार, तो लोखंडी. गेले असणार ते ज्या भोकात तो बसतो त्यातले, मऊ ॲल्युमिनियमचे. तिनं पाना काढला. कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचा थेंब जमला, लांबला, खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर पडला. पुठ्ठ्यावर आधीच बशीएवढा काळा डाग होता.

खरं तर त्या क्षणी तिच्या मनात मोटरसायकल नव्हतीच. मनात होता येणारा रविवार. सोमवारी दादाचा फोन आला होता, तिचा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात राहणारा. "रविवारी येतो गाडी घेऊन. बाबांना घेऊन जातो. खोली तयार करतोय, बाल्कनीसकट. तू एकटी किती करशील?" ती म्हणाली होती, "हं." बाबांना तिनं सांगितलं तेव्हा बाबा वर्तमानपत्राची घडी घालत होते. त्यांनी घडी नीट बसवली. मग म्हणाले, "बघू." एक 'हं' आणि एक 'बघू', एवढ्यावर एका माणसाचं घर बदलणार होतं. तिला ते नको होतं. नको होतं हे तिला इतकं स्पष्ट कळत होतं, की ते तोंडातून कसं काढायचं तेच कळत नव्हतं. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा आणि एक टेबललॅम्प घेऊन ती बाबांच्या दारात उभी राहिली होती. येऊन राहिलेल्या माणसानं 'तुम्ही जाऊ नका' म्हणायचं म्हणजे स्वतःच्या सोयीसाठी म्हटल्यासारखं. दादाकडे सातव्या मजल्यावर लिफ्ट आहे, वहिनी घरीच असते, नातवंडं आहेत. इथे ती सकाळी साडेआठला जाते ती सहाला येते, आणि बाबा दिवसभर एकटे.

पुठ्ठा तिनं उलटा केला, म्हणजे डाग खाली गेला. मग स्वतःच्याच या हुशारीची लाज वाटून पुन्हा सुलटा केला.

या घरात सगळं घट्ट असायचं, ही आई होती तेव्हाची तिची तक्रार. बाबा छापखान्यात यंत्रं जोडणारे फिटर. सदतीस वर्षं त्यांनी अशी यंत्रं जुळवली, ज्यांत केसाएवढा फरक पडला तर अक्षराला सावली यायची. तिथं त्यांचा हात हलका होता म्हणे. घरी मात्र ते येताजाता नळ आवळायचे, बरण्यांची झाकणं दाबायचे, खिडक्यांच्या कड्या ठोकून बसवायचे. पाहुण्यांना न्हाणीघरातून हाक मारावी लागायची. आई म्हणायची, "या घरात माणूस तहानेनं मरेल ते नळापाशीच मरेल." मुलांनीही तेच उचललं. दादाच्या बुटांच्या गाठी कात्रीनं कापाव्या लागत. तिचं लग्न मोडलं तेव्हा नवऱ्याचं एक वाक्य तिच्या डोक्यात राहून गेलं होतं: तुझ्याजवळ बसलं की माणसाला श्वास मोजून घ्यावा लागतो. बाकी सगळं तिनं कधीच फेटाळून लावलं, हे एक तेवढं राहिलं. कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

ती परत आली तेव्हा बाबांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलची किल्ली टेबलावर ठेवली. "घे. मला आता किक मारवत नाही. गंजून जाईल." गाडी अठ्ठावीस वर्षांची, दादा बारावीत असताना घेतलेली, एका सिलिंडरची, टाकीवर पोच. एकोणचाळिसाव्या वर्षी ती मोटरसायकल शिकली, शाळेमागच्या मैदानात, बाबा हाफपँट घालून बाजूनं पळतायत, "क्लच सोड, सोड, अगं सोड म्हणजे टाकून नको देऊस!" मैदानाच्या कडेला बसलेली माणसं हसत होती आणि तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणी हसल्याचं वाईट वाटलं नव्हतं. पुढं दोन-अडीच वर्षं बाबा दर रविवारी गाडी पुसायचे, चेन सैल-घट्ट करायचे, तेल बदलायचे. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा. दीड वर्षात मनगटापर्यंत. याविषयी घरात एक शब्द निघाला नाही. कुणी न ठरवता चहाचे कप अर्धे भरले जाऊ लागले, एवढंच. रविवारी गाडी पुसायची तेही आपोआप बंद पडलं. "आता तुला येतं सगळं," बाबा म्हणाले, आणि ती म्हणाली, "हो."

म्हणून गळती तिनं लपवली होती. बाबांना कळलं असतं तर ते पाने काढून बसले असते. बसले असते, आणि जमलं नसतं. इंजिन उघडं पडलेलं, बोल्ट हातातून निसटून घरंगळतायत, आणि बाबा ते बघतायत, हे चित्र तिच्याच्यानं पुरतं बघवायचं नाही. तसं झालं तर रविवारी दादानं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. बाबा स्वतःच दादाच्या गाडीत जाऊन बसले असते. म्हणून तिनं कामाच्या पिशवीत पाना ठेवला, ती नोकरी करते त्या हॉस्पिटलच्या वाहनतळावर तेलाचा डबा लपवला आणि जेवढं गळालंय असं डागावरून वाटेल तेवढं आठवड्याला अदमासानं ओतत राहिली. तेलाची पातळी बघायची काचेची खिडकी होती, पण ती केव्हाच काळी पडलेली.

बोल्ट फिरत राहिला त्या दिवशी ती बसनं कामावर गेली. हॉस्पिटलात तिचं काम ऐकू येण्याची तपासणी करण्याचं. भिंतींना जाड फोम लावलेली कपाटाएवढी खोली, आत माणूस, त्याच्या कानांवर हेडफोन. बाहेर काचेपलीकडे ती आणि तिचं यंत्र. आवाज आला की बोट वर करायचं. बारा वर्षांच्या नोकरीत तिला एक गोष्ट कळली होती: लोक आवाज ऐकून बोट वर करत नाहीत, तिच्या चेहऱ्याकडे बघून करतात. सकाळी अकराच्या सुमाराला आलेले एक निवृत्त शिक्षक, ताठ बसलेले, तिनं काहीच वाजवलेलं नसताना तीनदा बोट वर करते झाले. अशा वेळी ती कधी 'खोटं बोलताय' म्हणत नसे. खुर्ची फिरवायची, तोंड भिंतीकडे करायचं आणि थांबायचं. माणसाला एकदा कळलं की आपल्याला कुणी बघत नाहीये, की तो खरं ऐकायला लागतो. आज खुर्ची फिरवल्यावर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तिला तो बोल्ट दिसला, गोल फिरणारा, कुठंच न पोचणारा. पाच आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. फार तर दीड फेरा. एवढ्यानं आटे जात नाहीत. ती ते पुन्हा मोजू लागली आणि काचेपलीकडून शिक्षकांनी हळूच काचेवर टकटक केलं: "बाई, संपलं का?"

संध्याकाळी बसमधून उतरून ती फाटकातून आत आली आणि पार्किंगच्या खांबाशीच थांबली. बाबा मोटरसायकलशेजारी बसले होते, बुटक्या स्टुलावर. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरून ठेवलं होतं, लहान मूल धरावं तसं, आणि उजव्या हातातला पाना त्याच बोल्टावर होता. पाना फिरत होता. एक फेरा. दुसरा. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते वाट बघत होते, बोल्ट कुठं तरी अडेल म्हणून. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आपला चेहरा कसा दिसत असेल ते तिला तेव्हा कळलं. पहिला विचार आला तो मागे फिरायचा: कोपऱ्यावर जाऊन दहा मिनिटांनी मोठ्यानं सँडल वाजवत यायचं. तेवढ्यात तिला पुठ्ठा दिसला. तिचा पुठ्ठा नव्हता तो. नवा होता, चौकोनी कापलेला, कडा सरळ. म्हणजे जुना पुठ्ठा त्यांनी बदलला होता. म्हणजे याआधीही बदलला असणार. पाच आठवड्यांत डाग बशीच्या पुढं का गेला नाही, याचं उत्तर समोर बसलं होतं.

"बाबा."

पाना खाली पडला. बाबांनी मान वर केली नाही. "गेला," ते म्हणाले. "माझ्या हातून गेला आत्ता."

"नाही. सकाळीच गेलाय. माझ्या हातून."

"कशाला पांघरूण घालतेस? मला कळत नाही का? आत्ता, या हातानं गेला."

"अहो, सकाळी सहाला मी तीन फेरे फिरवला. म्हणून बसनं गेले ना."

बाबांनी आता तिच्याकडे पाहिलं. "तू का फिरवत होतीस?"

"तुम्ही का फिरवत होतात?"

वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन जाताना थांबल्या, बापलेकीकडे पाहून म्हणाल्या, "भांडण आहे की दुरुस्ती?" आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टकडे गेल्या. बाबा हसले नाहीत, पण त्यांची हनुवटी जरा सैल झाली. ती पर्स मांडीवर घेऊन तिथंच जमिनीवर बसली. "किती दिवस?" तिनं विचारलं. पाच-सहा आठवडे झाले असतील, बाबा म्हणाले. संध्याकाळी फिरायला म्हणून उतरायचे, तेव्हा. थोडं आवळायचं, पुठ्ठा बदलायचा. थोडं तेलही घालायचं.

"तेल?"

"गळत होतं तर घालायला नको?"

तिनं इंजिनाकडे पाहिलं. पाच आठवडे दोघंही त्याच इंजिनात तेल ओतत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा घेतली. सकाळी नऊला त्यांनी जुना टब इंजिनाखाली सरकवला आणि तेल सोडायचा तळाचा नट काढला. या इंजिनात एक लिटर तेल बसतं. टबातलं तेल तिनं बाटलीनं मोजलं: एक लिटर भरलं, बाटली रिकामी करून पुन्हा लावली, आणखी साडेतीनशे मिलिलिटर. पाच आठवडे गळणाऱ्या इंजिनात असायला हवं त्याच्या सव्वापटीहून जास्त तेल होतं. बाबा बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले. "याला जागाच ठेवली नाही आपण," ते म्हणाले. "गळेल नाहीतर काय करेल बिचारं." मग त्यांना हसू आलं, आधी नाकातून, मग खांद्यांतून, आणि ती हसायला लागली ती तिला थांबता येईना, हसता हसता तिला जाणवलं की या पार्किंगमध्ये, तेलाच्या वासात, हा माणूस परवा इथं नसेल. हसू तिथंच तुटलं. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी विचारलं नाही. पण नेहमीसारखी नजरही काढून घेतली नाही.

आटे दुरुस्त करायला बाबांचा जुना सोबती आला, कोपऱ्यापलीकडे लेथ चालवणारा. सगळं तो सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात मोजायचा, म्हणून छापखान्यात त्याचं नाव पडलं होतं अर्धासूत. हातात ड्रिलची पेटी, कानामागं पेन्सिल. कव्हर निघालेलं होतं. किक, पावदान, ब्रेकचं पायडल ओळीनं कागदावर मांडलेलं. अर्धासूतनं वाकून भोकात बोट घातलं आणि शिट्टी वाजवली. "कुणी केला हा पराक्रम?"

"आम्ही," ती म्हणाली.

"दोघांनी मिळून? मग बरोबर आहे. एका माणसाचं काम नाही हे." त्यानं बाकीच्या नऊ भोकांवरून बोट फिरवलं. "आणखी दोन मरणाला टेकलीत. आणि कव्हर बघितलंस का फिटर? बोल्टापाशी दबलंय, मधे उचललंय. जेवढं आवळाल तेवढं उघडणार. अरे, तू आम्हाला शिकवलंस ना, दोन बोटांनी पाना धरायचा म्हणून? माझ्या टाळक्यात पाना मारला होतास एकदा, मूठ वापरली म्हणून."

"मारला होता," बाबा म्हणाले.

"मग स्वतःच्या टाळक्यात कोण मारणार?"

तो ड्रिल लावून भोक मोठं करत होता, त्यात तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवत होता, तोंडानं अखंड बडबडत होता. ती पातळ पात्यानं इंजिन आणि कव्हर यांच्यामधल्या जुन्या पॅकिंगचा कागद खरवडत होती. बाबा स्टुलावर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. ड्रिल थांबलं तेव्हा ते बोलले. आवाज तसाच, वर्तमानपत्राची बातमी सांगावी तसा. "दोन बोटांनीच धरत होतो. पण बोटांना आता कळत नाही कुठं थांबायचं ते. पूर्वी पाना सांगायचा. आता हात स्वतःच इतका हलतो, की पान्याचं ऐकूच येत नाही. मग वाटतं, सैल राहिला असेल. मग आणखी थोडं." अर्धासूतनं ड्रिलची पिन काढली, पुसली, पेटीत ठेवली. नेहमीचा विनोद त्यानं केला नाही. "दाखवलंस कुणाला?" त्यानं विचारलं. बाबांनी मान हलवली, नाही अशी. मग अर्धासूतनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिला काचेच्या खोलीत आपण बसल्यासारखं वाटलं. बोट वर करायचं की नाही ते कळेना.

कारण मेंदूच्या आजारांचे डॉक्टर तिच्याच इमारतीत बसत. तिच्या खोलीपासून दोन मजले वर. दीड वर्ष ती त्यांच्याबरोबर लिफ्टनं जात होती, 'गुड मॉर्निंग' म्हणत होती, आणि तिसऱ्या मजल्यावर उतरत होती. पहिल्या महिन्यात वाटलं होतं, विचारावं. पण विचारलं की नाव मिळणार. आजाराला नाव मिळालं की दादाला सांगावं लागणार, आणि मग 'तू एकटी किती करशील' याला उत्तर उरणार नाही. असं तिनं तेव्हा स्वतःशी इतक्या शब्दांत मांडलंही नव्हतं. नुसती लिफ्टमधून उतरत राहिली होती. म्हणजे गळती तिनं पाच आठवडे लपवली नव्हती. दीड वर्ष.

शनिवारी त्यांनी पॅकिंग कापलं. विकत मिळतं, पण या गाडीचं मिळायला आठवडा लागला असता. आदल्या संध्याकाळी टीपॉयची काच काढून तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला होता आणि कव्हरच्या कडेवर पेन्सिलीच्या रेघा मारून ते हळूहळू फिरवलं होतं. उंचवट्यावरच्या रेघा पुसल्या जायच्या, खोलगट जागी राहायच्या. पुन्हा रेघा, पुन्हा फिरवणं. नवव्या खेपेला सगळ्या रेघा एकदम गेल्या. आता जाड तेलकट कागद कव्हरवर ठेवून बारक्या हातोडीनं कडेकडेनं टिचकी मारायची. धातूची धारच कागद कापते. बाबांनी हातोडी घेतली. "हे काम माझा हात आता आपोआप करतो," ते म्हणाले, आणि पहिल्या वीस-पंचवीस टिचक्या खरंच नीट पडल्या. कागदाची कड सुबक सुटत गेली. मग एका वळणावर हातोडी घसरली आणि घासून गुळगुळीत केलेल्या कडेवर आदळली. मोठी खूण नव्हती. नखानं कळेल न कळेल अशी. बाबांनी त्या खुणेवरून अंगठा फिरवला. ते उठतील, असं तिला वाटलं. उठून वर जातील, आणि उद्यापर्यंत काही बोलणार नाहीत.

त्यांनी हातोडी उलटी करून दांडा तिच्याकडे केला.

"घे."

तिनं घेतली. पहिलाच घाव जोरात बसला.

"मारू नकोस. सांग त्याला."

"काय सांगू?"

"इथून फाट म्हणून. हळू. अजून हळू. तुझा हात माझ्यासारखाच आहे, सगळ्याला शिक्षा करतो."

ती हळू मारू लागली. टिक्, टिक्, टिक्. हातोडीकडे न बघता तिनं खुर्ची फिरवल्यासारखी मान जराशी वळवली आणि ऐकलं: धारेवर नेमकी पडली की आवाज कोरडा यायचा, चुकली की बसका. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "आता बरोबर," आणि ते त्यांनी म्हणायच्या आधीच तिला कळलेलं होतं. अर्ध्या तासात पॅकिंग सुटलं, दहा भोकांसकट. मग कव्हर बसवलं. दहाही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, मग समोरासमोरचे, एक इथला एक तिथला, पान्यानं पाव-पाव फेरा. बाबा आकडे सांगत होते, ती फिरवत होती. दहाव्या बोल्टाला ती थांबली. पाना अडला होता, आणि आणखी थोडा फिरला असता, हेही कळत होतं. मनगट पुढं जायला बघत होतं. एवढंसंच. सैल राहिला असेल. "बास?" तिनं विचारलं. "मला काय विचारतेस," बाबा म्हणाले. "पाना तुझ्या हातात आहे." तिनं पाना काढून घेतला.

एक लिटर तेल, मोजून. चौथ्या किकला इंजिन लागलं. दहा मिनिटं चालवलं, बंद केलं, खाली पांढरा कागद अंथरला.

रविवारी दादा अकराला आला. इस्त्रीची पँट, हातात मिठाईचा खोका. बाबा आणि ती दोन बुटक्या स्टुलांवर मोटरसायकलसमोर बसली होती, वाकून खाली बघत.

"काय बघताय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तेच बघतोय. काल दुपारपासून काही नाही."

दादानं वाकून पाहिलं. कागद कोरा होता. "छान. मग? सामान बांधलं का? जेवून निघालो तर उजेडात पोचू."

तिला वाटलं होतं, वर गेल्यावर, जेवणं झाल्यावर, शब्द जुळवून सांगता येईल. पण दादा उभाच होता आणि बाबा कागदाकडे बघत होते, आणि तिला अचानक दिसलं की बाबा तोच चेहरा करून बसलेत, कुठं तरी अडेल म्हणून वाट बघणारा. "दादा, बाबांनी जाऊ नये असं मला वाटतं," ती म्हणाली. आवाज जरा चिरका आला. "माझ्या सोयीसाठी नाही. म्हणजे सोयीसाठीपण. मला ते इथं हवेत."

दादानं खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "अगं मग फोनवर 'हं' काय म्हणालीस? मला वाटलं दमलीयस तू. मी आठवडाभर भिंतीला रंग देतोय तिकडं!"

"मला वाटलं, तुला वाटतंय की मी—"

"आणि बाबा, तुम्ही?"

"मला कुणी विचारलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, हिला घर मोकळं हवंय. हिच्या कामाची माझी अशी ही एक गाडीच उरली होती. ती गळायला लागली तर मग मी कशाला?" त्यांनी उजवा हात गुडघ्यावरून उचलला आणि दोघांसमोर धरला. पहिल्यांदाच असा, न झाकता, न धरता. हात हलत होता. तिघंही त्याच्याकडे बघत राहिली, जसं मघाशी कागदाकडे बघत होती. "हे असं आहे. वाढणार आहे, कमी होणार नाही, एवढं मला फिटर म्हणून कळतं. ते काय आहे ते बघू. मग कुठं राहायचं ते बोलू. पण मला इथंच राहायचंय."

"डॉक्टर आमच्या इमारतीत आहेत," ती म्हणाली. "दोन मजले वर. मी कधीच विचारायला हवं होतं."

  दादा वाकला, टाकीवरच्या पोचेवरून हात फिरवला. "ही मीच पाडली होती ना? दुधाच्या गाडीला धडकून."

"तू म्हणाला होतास, उभी होती, आपोआप पडली."

"खोटं बोललो होतो."

"माहीत होतं," बाबा म्हणाले. "जा, एक चक्कर मारून ये. तापल्यावर गळते का ते बघायचंय. तिसऱ्या गिअरमध्ये फार ओढू नकोस."

दादानं मिठाईचा खोका तिच्याकडे दिला, पँटचे पाय दुमडले. पाचव्या किकला गाडी लागली. फाटकातून बाहेर पडताना त्यानं क्लच टाकूनच दिला आणि गाडी हरणासारखी उडाली. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. आवाज रस्त्यानं लांब गेला, वळणावर बारीक झाला. ती दोघं फाटकाशी येऊन उभी राहिली.

"उद्या वेळ मिळेल का डॉक्टरांची?" बाबांनी विचारलं.

"मंगळवारी सकाळी मिळेल. मी उद्या सकाळी लिफ्टमध्येच विचारते. माझ्याबरोबरच निघायचं, साडेआठला. गाडीवर मागं बसाल?"

"बसेन की. पण तू ब्रेक फार उशिरा लावतेस."

"हे मला चार वर्षांत सांगायचं नाही?"

"आता सांगतोय ना," बाबा म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत तिच्या हातातला मिठाईचा खोका उघडायला लागले. दोरीची गाठ पक्की होती, दादाच्या हातची. सुटेना तशी त्यांनी तिला दुसऱ्या बाजूनं धरायला सांगितलं.